गिरणीचा ताबा

बेलिफाला कुणी चहा विचारत नाही. कोर्टाचा कागद घेऊन आलेला माणूस दारात दिसला की घरातली बाई आधी पदर सावरते आणि मग तोंड फिरवते, हे गोरख कुडलेला एकतीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. हुकूम कोर्टाचा, भांडण दुसऱ्याचं, आपण मधले पोस्टमन, असं तो म्हणे. समन्स बजावायचं, नोटीस डकवायची, घरमालक आणि भाडेकरूचा दावा निकाली निघाला की जागेचा ताबा एकाकडून काढून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. काम उरकलं की एसटी पकडून भोरला परत यायचं आणि जेवून गाढ झोपायचं. गाढ झोपायचं हे मुद्दाम सांगितलं, कारण त्या पौषानंतर त्याला तशी झोप लागली नाही.

वॉरंट त्याच्या हातात ठेवलं ते नाझर सरोजबाईंनी. कोर्टात बेलिफांना कामं वाटून देणारा आणि त्यांचे अहवाल तपासून घेणारा अधिकारी म्हणजे नाझर, आणि सरोजबाईंच्या नजरेतून स्वल्पविरामसुद्धा सुटत नसे. हे वॉरंट दोनदा न बजावता परत आलं होतं. एकदा पोलीस बंदोबस्त मिळाला नाही. दुसऱ्यांदा एसटी बंद पडली आणि गोरख वाटेतच असताना दिवस मावळला. सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरून ताबा घेता येत नाही, असा कायदाच आहे. आता तिसऱ्यांदा परत आलं तर न्यायाधीश मॅडमपुढे लेखी खुलासा द्यावा लागेल, असं सरोजबाईंनी अजिबात न रागावता सांगितलं. गोरखच्या पेन्शनला चौदा महिने उरले होते आणि त्याच्या सर्व्हिसबुकात अजून एकही डाग नव्हता.

नसरापूरला उतरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की पाच-सहा किलोमीटरवर एक फाटा येतो. फाट्यापासून जरा आत, रस्त्याच्या कडेला दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या खोलीत संसार. जागा भोरच्या इंद्रजित बारटक्केची. घरांचे नकाशे काढणारा हा माणूस. त्याच्या वडिलांनी तीस वर्षांपूर्वी या खोल्या गेनू शिळीमकराला भाड्यानं दिल्या होत्या. पुढं रस्ता रुंद झाला, बारटक्क्यांना तिथं स्वतःचं ऑफिस बांधावंसं वाटलं, आणि गेनू म्हणाला, गिरणी उचलून मी जाऊ कुठं. दावा अकरा वर्षं चालला. मालक काही राक्षस नव्हता आणि भाडेकरू काही लबाड नव्हता. असले दावे म्हणूनच लवकर मिटत नाहीत. शेवटी कार्तिकात निकाल लागला, मालकाच्या बाजूनं.

गोरख पोचला तेव्हा साडेचार होऊन गेले होते. सूर्य मावळायला दीड तास होता, पण पश्चिमेला डोंगर असल्यानं रस्त्यावरचं ऊन केव्हाच उठलं होतं. हवेत कुणीतरी बांधावर पेटवलेल्या गवताचा धूर होता. इंद्रजित गाडीला टेकून उभा होता. पंच म्हणून त्यानं दोघांना धरून ठेवलं होतं, एक त्याचा ड्रायव्हर आणि दुसरा फाट्यावरच्या चहाच्या टपरीचा बंडू. पोलीस नको, असं इंद्रजितच म्हणाला. बाई एकटीच आहे, कशाला उगाच गाजावाजा.

बाई म्हणजे बाळाबाई, गेनूची बायको. ओट्यावर बसली होती. साठी उलटलेली, अंगानं वाळलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिच्या मागं गिरणीच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ बसलेली होती. गोरखनं नेहमीच्या सुरात विचारलं, की गेनू शिळीमकर कुठं आहेत.

"ते न्हाईत, सायेब," ती म्हणाली. "आखाडात गेले. हितंच, गिरणीत. पट्टा चढवताना खाली बसले ते उठलेच न्हाईत."

गोरखनं मनातल्या मनात महिने मोजले. आखाड आधी, कार्तिक नंतर. म्हणजे निकाल लागला तेव्हा ज्याच्याविरुद्ध लागला तो माणूस चार महिन्यांपूर्वीच सरणावर गेलेला होता. त्यानं इंद्रजितकडं बघितलं. इंद्रजित आपल्या बुटांकडं बघत होता.

मग त्यानं गोरखला गाडीच्या पलीकडं नेऊन हलक्या आवाजात सगळं सांगितलं. वकील म्हणाले होते, आपण होऊन बोलू नका. भाडेकरू मेला असं सांगितलं की त्याच्या वारसांची नावं दाव्यात लावा, पुन्हा नोटिसा काढा, पुन्हा तारखा घ्या. "माझे वडील याच दाव्याच्या तारखा मोजत गेले, कुडले," तो म्हणाला. "कोर्टानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुम्ही फक्त तुमचं काम करा."

ते परत आले तेव्हा बाळाबाईनं पिशवीतून एक कागद काढून धरला होता. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला. कागद तिनं सरळ गोरखच्या छातीसमोर धरला.

आता गोरखनं जे केलं ते बेलिफालाच सुचावं. तो कागद त्यानं हातात घेतला असता तर अहवालात लिहावं लागलं असतं, की प्रतिवादी मयत आहे, सबब वॉरंट न बजावता परत. वॉरंट तिसऱ्यांदा परत, म्हणजे खुलासा. आणि हातात न घेतलेला कागद बेलिफानं बघितलेला नसतो. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप आलं होतं. गोरखनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"बाई, ते राहू द्या," तो म्हणाला. "मी नाव पुकारतो. कुणी हजर झालं तर त्याच्याशी बोलतो. नाही झालं तर कुलूप काढतो."

पद्धतच ती होती. दारात उभं राहायचं, वॉरंटावरचं नाव तीन वेळा मोठ्यानं पुकारायचं, आणि उत्तर आलं नाही की लिहायचं, पुकारा केला असता कोणी हजर झाले नाही. मेलेला माणूस उत्तर देत नाही. गोरखला त्यात सोयच दिसली. पुढं कित्येक दिवस त्याला स्वतःची लाज वाटली ती या सोयीची.

बाळाबाईनं कागद खाली घेतला नाही. "सायेब, नाव पुकारू नका," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला दिस कलल्यावर नावानं हाक मारत न्हाईत. आन् ह्यांना तर कोर्टाची हाक लई कडक."

ती काय म्हणत होती ते गोरखला ठाऊक होतं. सगळ्या कोर्टाला ठाऊक होतं. अकरा वर्षांत, मरेपर्यंत, गेनू शिळीमकर एक तारीख चुकला नव्हता; नंतरच्या दोन-तीन तारखा वकिलांच्या युक्तिवादातच गेल्या, तेव्हा त्याला कुणी शोधलंही नाही. वकील यायचे नाहीत, मालक यायचा नाही, पण गेनू अकराच्या ठोक्याला व्हरांड्यात उभा असायचा, टोपी हातात घेऊन. तापानं फणफणलेला असताना आलेला होता. आई गेली त्या दिवशीसुद्धा सकाळी अग्नी देऊन ओल्या धोतरानं आलेला होता. बोलावल्यावर गेलो नाही तर आपण खोटे ठरतो, एवढंच तो म्हणायचा.

इंद्रजितनं घड्याळ बघितलं. गोरखनं वॉरंट उघडलं आणि घसा साफ केला.

"गेनू धोंडिबा शिळीमकर... हजर आहे का?"

आवाज दारावर आपटला आणि मागं डोंगराकडं गेला. रस्त्यावरून वेल्ह्याची जीप गेली. माणसं टपावर बसली होती, त्यांच्या हसण्याचा आवाज वळणाआड होईपर्यंत ऐकू येत राहिला.

"गेनू धोंडिबा शिळीमकर... हजर आहे का?"

या वेळी रस्त्यावर काहीच नव्हतं. ओट्याखाली एक कुत्रं झोपलेलं होतं ते उठलं, दाराकडं बघून दोन पावलं मागं सरकलं आणि शेपूट पायांत घालून शेताकडं निघून गेलं. धुराचा वास विरला होता. त्या जागी दुसरा कसला तरी वास येत होता, ओळखीचा, पण गोरखला पटकन नाव आठवेना.

तिसऱ्यांदा पुकारताना आपला आवाज बारीक झाला, हे त्याचं त्यालाच कळलं.

"गेनू धोंडिबा शिळीमकर..."

हजर आहे का, हे म्हणायचं राहूनच गेलं. दाराच्या आत कुणीतरी खाकरलं. म्हातारा माणूस जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकतो तसं काहीतरी झालं. मग दाराच्या अगदी जवळून, दमलेला, अदबीचा आवाज आला.

"व्हय... आलो. आलो, सायेब."

बाळाबाईनं डोक्यावर पदर घेतला. नवरा घरात आला की जुन्या बायका घेतात तसा, कपाळापर्यंत. 

पहिला भानावर आला इंद्रजित. आत माणूस लपवलाय, म्हणाला, ही सगळी नाटकं आहेत. त्यानंच गाडीतून हातोडा आणला आणि ड्रायव्हरनं कुलूप तोडलं. दार ढकललं तशी आतली हवा अंगावर आली, आणि मघाच्या वासाचं नाव गोरखला आठवलं. ताज्या दळणाचा वास होता तो.

आत कुणी नव्हतं. मोबाईलच्या उजेडात त्यांनी कोपरा न् कोपरा बघितला. गिरणीचा पट्टा खिळ्याला टांगलेला होता. मोटारीवर कोळ्यानं जाळं केलं होतं आणि ते कुठंही फाटलेलं नव्हतं. जिथं विजेचा मीटर असायचा तिथं भिंतीला नुसत्या दोन वायरी होत्या, टोकं काळ्या पट्टीनं गुंडाळलेली; वायरमन मीटर श्रावणातच काढून घेऊन गेला होता. मागच्या खोलीत जाणारं मधलं दार पलीकडून कडी घालून बंद होतं. बंडू बाहेरून वळसा घालून तिथं बघून आला. चूल, हंडा, एक वाकळ. माणूस नाही.

जात्याच्या कापडी तोंडाखाली पत्र्याचा डबा होता. त्यात पीठ होतं. गोरखनं का कोण जाणे, वाकून त्यात हात घातला.

पीठ गरम होतं. ज्यानं लहानपणी गिरणीतून दळणाचा डबा कमरेवर घेऊन घरी आणलाय त्याला ती ऊब माहीत असते. मनगटापर्यंत ती ऊब होती. गोरखनं हात बाहेर काढला आणि तो शर्टाला पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडं बघून इंद्रजितनं डब्यात दोन बोटं घातली आणि लगेच मागं घेतली.

ते बाहेर आले. डोंगराच्या कडेवर अजून जराशी लाली होती. इंद्रजितचा चेहरा पांढरा पडला होता, पण अकरा वर्षं दावा लढलेला माणूस तो, त्याचं डोकं दुसऱ्या कुठल्या दिशेला चालतच नव्हतं.

"आवाज सगळ्यांनी ऐकला ना?" तो म्हणाला. "मग तो जिवंत आहे. हजर म्हणून लिहा आणि ताबा द्या."

"कुठं आहे तो?" गोरखनं विचारलं.

"ते मला माहीत नाही... हजर लिहा."

गोरख ओट्यावर बसला. त्याला थंडी वाजत होती. शेजारी बाळाबाई होती, तिच्या हातात अजून तो कागद तसाच होता, आणि त्या बाईला या दोन खोल्यांखेरीज जगात छप्पर नव्हतं. आपण एका मेलेल्या माणसाला फसवून घराबाहेर काढायला निघालो होतो, आणि तो बिचारा सवयीनं आला, असं त्याच्या मनात आलं. त्यानं हात पुढं केला.

"मावशी, द्या तो दाखला."

त्यानं अहवाल लिहिला. प्रतिवादी आषाढ महिन्यात मयत झाल्याचा दाखला पाहिला, सबब वॉरंट न बजावता परत. आवाजाबद्दल लिहिलं नाही, पिठाबद्दल लिहिलं नाही. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. बंडूला पेन धरवेना, त्याची सही दोन तुकड्यांत झाली. गोरखनं कागदाची घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. निघताना बाळाबाई त्याच्याजवळ आली आणि दाराकडं पाठ करून, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलली.

"तुमी बोलावलंत त्यांना. आता जा म्हणून कोण सांगणार?"

 नसरापूरची जीप आली तशी तो चढला.

दुसऱ्या दिवशी सरोजबाईंनी अहवाल वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"पंच किती होते, कुडले?"

दोन, असं गोरख म्हणाला. त्यांनी कागद त्याच्याकडं फिरवला. ड्रायव्हरची सही, तिच्याखाली बंडूची तुटलेली सही, आणि त्याखाली, मोकळ्या जागेत, एक ओळ: वरील मजकूर खरा आहे. ओळीखाली सही होती. गेनू धोंडिबा शिळीमकर.

सरोजबाईंनी दाव्याची फाईल काढली. अकरा वर्षांच्या कागदांवर ती सही ठिकठिकाणी होती. प्रत्येक अक्षर सुटं, दाबून काढलेलं, शेवटचं अक्षर ओळीखाली उतरलेलं. गोरखनं सांगितलं, की कागद रात्रभर त्याच्या उशाशी होता, घराला आतून कडी होती. सरोजबाईंनी फाईल मिटली. कागद पुन्हा घडी करताना घडीतून थोडं पीठ टेबलावर सांडलं, ते त्यांनी बोटानं एका बाजूला सारलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. इंद्रजितच्या वकिलांनी अर्ज दिला, की पौषात सही करणारा माणूस आषाढात मेलेला असू शकत नाही, दाखला खोटा आहे. दोन्ही पंचांनी शपथेवर सांगितलं, की पुकारा केल्यावर आतून उत्तर आलं. ते खोटं बोलत नव्हते. मॅडमनी हुकूम केला, की बेलिफानं पुन्हा जागेवर जावं, प्रतिवादीची समक्ष भेट घ्यावी, त्याचा जबाब लिहून आणावा. आपण गेनू शिळीमकर आहोत असं त्यानं सांगितलं तर निकाल कायम, आणि जागा त्याच दिवशी रिकामी करून मालकाला द्यावी. दुसऱ्या कुणाला पाठवा, म्हणून गोरखनं सरोजबाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पण हुकुमात नाव त्याचंच होतं, कारण आधी जागेवर जाऊन आलेला बेलिफ तोच होता.

हुकूम झाला संध्याकाळी सहा वाजता. गोरख निघाला दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं. या वेळी इंद्रजितही आला नव्हता. त्यानं फोनवर बरं नाही म्हणून सांगितलं. शिळीमकरांच्या घरी कुणी कळवलेलं नव्हतं, कळवायला तिथं फोनच नव्हता. गोरखच्या मनात एकच बेत होता. जायचं, नाव पुकारायचंच नाही, थोडा वेळ बसायचं, आणि कोणी भेटले नाही असं लिहून परत यायचं. बाईचं घर राहील.

फाट्यावर उतरला तर टपरी बंद होती आणि बाळाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. अंगावर वाकळ गुंडाळलेली, पाय दवानं भिजलेले. पहाटेपासून उभी होती म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं मी येणार म्हणून?" त्यानं विचारलं.

"राती तेच म्हणले. सायेब येणार, जबाब द्यायचा हाय." ती त्याच्याबरोबर चालायला लागली. तिचा आवाज बसला होता. "म्या लई समजावलं. म्हणलं, गप ऱ्हावा, जबाब दिलात तर मला घर सोडावं लागंल. तर म्हणत्यात, कोर्टाला खोटं कसं सांगू..."

दोघं फाट्यावरून आत वळले.

"माझं त्यांनी कदी ऐकलं न्हाई, सायेब," ती म्हणाली. "तुमी कोर्टाचे. तुमचं ऐकतील. तुमीच सांगा त्यांना, तुमी मेलाय म्हणून."

घर दिसलं. गिरणीचं दार सताड उघडं होतं आणि आत अंधार होता. उंबऱ्याबाहेर, ओट्यावर, पाहुण्याला बसायला ठेवतात तसा एक पाट मांडलेला होता. पाटाशेजारी पाण्याचा तांब्या होता, नुकताच कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. त्यातलं पाणी अजून हलत होतं.